कोपऱ्यातली सही : नांदेड-लातूरच्या डिझायनरांचा पोर्टफोलिओ

नवा ग्राफिक डिझायनर किंवा स्टुडिओ शोधायचा असेल, तर आज आपण काय करतो? बिहान्स उघडतो, ड्रिबल चाळतो, इन्स्टाग्रामवर हॅशटॅग टाकतो. बिहान्स २००५ साली सुरू झालं आणि २०१२च्या अखेरीस ॲडोबीने ते विकत घेतलं. ड्रिबल २००९चं. म्हणजे ऑनलाइन पोर्टफोलिओ बघून माणूस शोधायची ही सवय जेमतेम वीस वर्षांची आहे. या सवयीत मुंबई, पुणे, बंगळुरू लगेच सापडतात. नांदेड आणि लातूर मात्र रस्त्यावर जेवढी दिसतात, त्या मानाने तिथे फारच कमी दिसतात.

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या कुठल्याही रस्त्याने शंभर पावलं चाला आणि फक्त अक्षरं बघा. कापडाचं दुकान, आडत, क्लासेस, दवाखाना, वाढदिवसाचा बॅनर. ही सगळी अक्षरं कुणीतरी केली आहेत. रंग, फोटोची जागा, नावाचा आकार कुणीतरी ठरवला आहे. हा 'कुणीतरी' कोण, आणि त्याचं नाव कुठे गेलं? हा लेख त्या नावाचा माग काढतो.

चार लिप्यांचं गाव

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवायची भाषाही उर्दूच होती. घरात, बाजारात, कीर्तनात मराठी असली, तरी कचेरीच्या पाटीवर तिचा मान दुय्यम होता.

उर्दू छपाईत मात्र एक वेगळी गोष्ट होती. नस्तालिक लिपी शिशाच्या खिळ्यांत नीट बसत नसे, म्हणून उर्दू वर्तमानपत्रं आणि पुस्तकं कातिब हाताने लिहीत आणि त्या लिखाणावरून शिळाछाप काढत. चांगल्या कातिबाचा हात जाणकाराला ओळखता येई. अक्षर बघून माणूस ओळखायची पद्धत या भागाला अशी जुनीच आहे.

नांदेडला आणखी एक लिपी आहे. गुरू गोविंदसिंगांचं १७०८ साली इथेच निर्वाण झालं, त्यामुळे हजूर साहिबच्या परिसरात गुरुमुखी पाट्या आहेत. जुन्या गावात उर्दू, सगळीकडे देवनागरी, दुकानदाराला हौस असेल तर इंग्रजी. तेलंगणाच्या बाजूला धर्माबाद-बिलोलीकडे गेलं की तेलुगूही कानावर आणि डोळ्यांवर येते. अशा गावात पाट्या रंगवणाऱ्याला अक्षरांच्या डोक्यावरची रेघ, डावीकडून की उजवीकडून, गोलाई कुठे आणि टोक कुठे, हे सगळं हातात बसवावं लागतं. आज डिझाइनच्या शाळेत 'बहुलिपी टायपोग्राफी' म्हणून जे शिकवतात, त्याचा सराव इथे शिडीवर उभं राहून होत होता.

पेंटर

ही अक्षरं काढणारा म्हणजे पेंटर. महाराष्ट्रात हा शब्द आडनावासारखा चिकटतो. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री सिनेमात आले आणि बाबूराव पेंटर म्हणूनच ओळखले गेले. पंढरपुरात जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून दिवस काढले. गावोगावचे पेंटर याच जातकुळीतले होते. त्यांना गॅलरी मात्र मिळाली नाही.

कामाची रीत ठरलेली असे. पत्र्यावर आधी जमिनीचा रंग, तो वाळला की खडूची पूड लावलेली दोरी ताणून सोडायची, म्हणजे सरळ रेघ उमटते. मग खडूने अक्षरांचा अंदाज, आणि शेवटी ऑइल पेंटचा ब्रश. 'वस्त्रालय'मधल्या जोडाक्षराला जागा किती सोडायची आणि 'प्रोप्रायटर' किती बारीक लिहायचं, हे डोळ्याच्या मापानेच ठरे. शेवटी अक्षरांना छाया दिली की पाटी लांबूनही उठून दिसायची.

सगळं झालं की पाटीच्या खालच्या कोपऱ्यात दोन बोटांएवढ्या अक्षरात सही यायची : अमुक आर्ट्स, तमुक पेंटर, पुढे गावाचं नाव. हाच पोर्टफोलिओ. तो भर चौकात टांगलेला असे आणि बघायला पैसे लागत नसत. नवा गिऱ्हाईक यायचा आणि म्हणायचा, "त्या मेडिकलसारखी पाटी करून द्या." कामाची परीक्षाही तिथेच व्हायची. मराठवाड्याच्या उन्हात दोन वर्षांत रंग उडाला, तर कोपऱ्यातली सहीच पेंटरविरुद्ध साक्ष द्यायची.

मुंबईतला कोपरा

त्याच काळात मुंबई-पुण्यात सहीला वेगळं भाग्य लाभत होतं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंक काढला आणि मराठी चित्रकारांना दरवर्षी घराघरांत जायचा रस्ता खुला झाला. दीनानाथ दलालांची 'दीपावली' आणि रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं लोक जपून ठेवत. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यातली सही पाहून अंक विकत घेणारे वाचक होते. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींमधली शीर्षकं अशी काढली, की नाव वाचण्याआधीच नाटकाचा स्वभाव कळायचा. पुढे ती अक्षरं 'माझी अक्षरगाथा'सारख्या पुस्तकात एकत्र आली. रोजच्या वर्तमानपत्राबरोबर रद्दीत जाणारं काम अशा पुस्तकामुळे वाचलं.

र. कृ. जोशी यांची गोष्ट याहून मोठी आहे. जाहिरात क्षेत्रातून ते आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवायला आले. विंडोजबरोबर घरोघरी पोहोचलेला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांचा. भारतातल्या करोडो लोकांनी त्यांची अक्षरं वाचली. त्यातल्या किती जणांना त्यांचं नाव माहीत असेल?

मुंबईत जे. जे.मध्ये १९३५ साली कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला होता. चित्रांचं जाड फोल्डर बगलेत मारून जाहिरात कंपन्यांचे जिने चढायचे, हा त्या शहरातला रिवाज. नांदेड-लातूरच्या मुलाचा रस्ता लांबचा होता. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा, मग जमलं तर औरंगाबाद किंवा मुंबई, नाहीतर कलाशिक्षकाची नोकरी. ज्याला यातलं काहीच जमलं नाही, तो एखाद्या पेंटरच्या हाताखाली रंग कालवायला लागायचा.

फ्लेक्स आला, सही गेली

संगणक आला तो डीटीपीच्या दुकानातून. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, जोडीला पेजमेकर आणि कोरलड्रॉ. लग्नपत्रिका, बिलबुकं, पॅम्फ्लेट यांचं काम खिळे जुळवणाऱ्यांकडून पडद्यासमोर बसणाऱ्यांकडे गेलं. २०००नंतरच्या दशकात फ्लेक्स छापणारी मशीन जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली. पेंटरला एका पाटीला दोन दिवस लागत, तर मशीन तासाभरात बॅनर काढायचं आणि त्यावर गिऱ्हाइकाचा फोटोही यायचा. पेंटर दरात आणि वेळेत दोन्हीकडे हरला.

रंगाचा डबा गेल्याची हळहळ बरीच झाली आहे. त्याच वेळी कोपऱ्यातली सहीही गेली, याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. बॅनरवर खाली नाव आलंच, तर ते छापणाऱ्या दुकानाचं. रात्री अकरापर्यंत बसून 'शुभेच्छुक'च्या चाळीस जणांचे फोटो कापून बसवणाऱ्या पोराचं नाव कुठेच नाही. शिवाय फाइल एकाची राहत नाही. पेन ड्राइव्हवरून, मग व्हॉट्सॲपवरून ती तालुक्यातल्या दहा दुकानांत जाते, नाव-फोटो बदलतो आणि मूळ मांडणी कुणाची होती हे महिनाभरात कुणालाच सांगता येत नाही.

दुसरी अडचण तांत्रिक आहे. जुने मराठी फॉन्ट युनिकोडमध्ये नव्हते. त्यातला मजकूर दुसरीकडे चिकटवला की अगम्य चिन्हं दिसायची. छापताना अक्षरांचे आकार करून टाकायचे, नाहीतर फॉन्ट उडायचा. शेवटी हातात उरायचं ते फक्त एक चित्र. त्या चित्रातलं 'नांदेड' सर्च इंजिनला दिसत नव्हतं. दोन दशकांचं काम असं झालं, की ते होतं सगळीकडे, पण शोधून सापडत नव्हतं.

लातूरचं होर्डिंग

'लातूर पॅटर्न' आपण निकालांमुळे ओळखतो. डिझाइनच्या अंगानेही त्याचा एक नमुना तयार झाला आहे. मधोमध मोठा गुणांचा आकडा, खाली पासपोर्ट फोटोंच्या रांगा, प्रत्येक चेहऱ्याखाली नाव आणि गुण, कडेला सरांचा हाताची घडी घातलेला फोटो. यावर हसणं सोपं आहे. पण शंभर चेहरे एका चौकटीत बसवायचे, चालत्या मोटारसायकलवरून आकडा वाचता आला पाहिजे आणि खाली उभ्या राहिलेल्या बापाला आपल्या मुलीचं नावही सापडलं पाहिजे, हे अवघड काम आहे. माहिती मांडायची ही कसबी कला आहे. इंग्रजी पोर्टफोलिओत तिला जागा नाही, कारण तिथे पांढऱ्या भिंतीवरचा कॉफीचा मग शोभतो, चौकातलं होर्डिंग शोभत नाही.

म्हणून इथली पोरं पोर्टफोलिओ बनवताना आपलं खरं काम लपवतात आणि अस्तित्वात नसलेल्या कॅफेचे लोगो लावतात. मग तो पोर्टफोलिओ सगळ्यांसारखाच दिसतो आणि त्यातून कुणी सापडत नाही.

मग शोधायचं कसं?

वाटा मोकळ्या होत आहेत. एक टाइपच्या 'बलू', 'मुक्त', 'मोदक' या फॉन्टांनी देवनागरीत काम करणाऱ्यांना मोफत आणि युनिकोड अक्षरं दिली. गूगल फॉन्ट्सवर त्या प्रत्येक फॉन्टच्या पानावर करणाऱ्यांची नावंही आहेत. हनीफ कुरेशी यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं डिजिटल फॉन्टमध्ये उतरवली आणि त्या फॉन्टना 'पेंटर काफील'सारखी त्या त्या पेंटरचीच नावं दिली. कोपऱ्यातली सही तिथे फॉन्टचं नाव झाली.

कायदाही इथे कामी येतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं, की हक्क दुसऱ्याला दिले तरी 'ही कृती माझी आहे' असं सांगायचा कर्त्याचा अधिकार शिल्लक राहतो. फ्लेक्सच्या दुकानात हे कलम कुणी वाचून दाखवत नाही, म्हणून ते तुम्हाला माहीत असलेलं बरं.

तुम्ही डिझायनर असाल तर खरं होर्डिंग लावा. गिऱ्हाइकाने काय मागितलं, जागा किती होती, फोटो किती होते आणि तुम्ही काय वाचवलंत, हे मराठीत, युनिकोडमध्ये चार ओळी लिहा. गावाचं नाव लिहा. संमतीशिवाय विद्यार्थ्यांचे चेहरे मात्र टाकू नका, ते झाकूनही मांडणी दाखवता येते. आणि तुम्ही डिझायनर शोधत असाल, तर आवडलेला बॅनर कुठे छापला हे विचारून थांबू नका. दुकानात जा आणि विचारा, "हे बसवलं कुणी?" बहुतेक वेळा आतल्या खोलीतून कुणीतरी मान वर करून बघेल. त्याचं नाव विचारून घ्या आणि पुढच्या कामाच्या कोपऱ्यात ते लिहायला सांगा.