एकही सूर बदलणार नाही

गेल्या वर्षी जूनमध्ये मी मोबाइलवर चार मिनिटांची एक धून तयार केली. शब्द नाहीत. वर व्हायोलिन, खाली पियानो आणि मधूनच येणारा तबला. शेवट काही केल्या जमत नव्हता. रात्री साडेअकराला ती अर्धवट फाइल मी लहानपणी ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकलो त्या सरांना पाठवली. खाली लिहिलं, ‘सर, कसं वाटतंय?’ निळ्या टिका लगेच दिसल्या. उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं : ‘तालात गडबड आहे. आणि यात तुझं असं काय आहे?’

मी ‘ओके सर’ लिहिलं आणि पुढचे आठ महिने ती फाइल उघडली नाही.

त्या आठ महिन्यांत मला एक सवय लागली. असं अजून कुणाकुणाला ऐकून घ्यावं लागलं ते शोधायचं. तेवढाच जिवाला दिलासा! त्यातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट मॉस्कोची आहे.

१८७४ साल. प्योत्र चायकोव्स्की ३४ वर्षांचा होता, मॉस्कोच्या संगीत विद्यालयात शिकवत होता. त्याने पियानोचा पहिला कन्सर्टो लिहायला घेतला होता. कन्सर्टो म्हणजे एक मुख्य वादक आणि अख्खा ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची मोठी रचना, बहुधा तीन भागांची. रचना उभी राहिली होती, पण ऑर्केस्ट्रातल्या कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहायचं बाकी होतं. चायकोव्स्की स्वतः मैफली करणारा पियानोवादक नव्हता. बोटं कुठे अडतील, कुठलं वळण हाताला जड जाईल, हे त्याला पट्टीच्या वादकाकडून समजून घ्यायचं होतं. असा वादक हाताशीच होता : विद्यालयाचा संचालक निकोलाय रुबिनस्टाइन. त्यानेच चायकोव्स्कीला मॉस्कोत नोकरी दिली होती, सुरुवातीला आपल्या घरी ठेवूनही घेतलं होतं.

रशियाच्या तेव्हाच्या कॅलेंडरप्रमाणे २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, चायकोव्स्की विद्यालयातल्या एका खोलीत पियानोवर बसला. पहिला भाग वाजवला. रुबिनस्टाइन गप्प. एक शब्द नाही. चायकोव्स्कीने दम धरून उरलेलं सगळं वाजवलं. मग रुबिनस्टाइन सुरू झाला. आधी हळू, मग आवाज चढत गेला. रचना टाकाऊ आहे, वाजवताच येणार नाही, अमुक इथून उचललंय, तमुक तिथून. दोन-तीन पानं ठेवावीत, बाकी फेकून द्यावीत. चायकोव्स्की काही न बोलता खोलीबाहेर गेला. रुबिनस्टाइन मागोमाग आला. मी सांगतो तसं सगळं बदललंस तर माझ्या मैफलीत वाजवेन, असं म्हणाला. चायकोव्स्कीने सांगून टाकलं, की एकही सूर बदलणार नाही, आहे तसंच छापणार.

ही हकीकत मुख्यतः चायकोव्स्कीच्याच एका पत्रातून कळते. त्याला पैशांची मदत करणाऱ्या नादेझ्दा फॉन मेक यांना ते त्याने तीन वर्षांनी लिहिलं होतं. म्हणजे घाव तीन वर्षांनीही ओला होता. माझे आठ महिने मला अगदीच किरकोळ वाटले.

पुढचं तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल. हान्स फॉन ब्यूलो या जर्मन पियानोवादकाने ऑक्टोबर १८७५ मध्ये बोस्टनला हा कन्सर्टो पहिल्यांदा वाजवला. आज तो जगातल्या सगळ्यात जास्त ऐकल्या जाणाऱ्या कन्सर्टोंपैकी एक आहे. खुद्द रुबिनस्टाइनचं मत बदललं. त्याच वर्षी मॉस्कोतल्या पहिल्या प्रयोगात त्याने ऑर्केस्ट्राचं संचालन केलं आणि पुढे स्वतः पियानोवर बसून तो वाजवला.

गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवतात. तात्पर्य काय, तर कुणाचं ऐकू नका. मीही काही दिवस हेच तात्पर्य उराशी धरून होतो.

पण चायकोव्स्कीने सूर बदलले. लंडनमध्ये एडवर्ड डॅनरॉयटर नावाच्या पियानोवादकाने १८७६ मध्ये हा कन्सर्टो वाजवला आणि पियानोच्या भागात काय कसं सुधारता येईल ते लिहून कळवलं. चायकोव्स्कीने त्याचे आभार मानले आणि पुढच्या आवृत्तीत त्या सूचना वापरल्या. नंतर आणखी एकदा रचनेवर हात फिरला. सुरुवातीलाच पियानोवर घणासारखे पडणारे ते स्वरगुच्छ, ज्यांच्यावरून आपण हा कन्सर्टो ओळखतो, ते पहिल्या लेखनात तसे नव्हतेच. तिथे गुच्छातले सूर एकापाठोपाठ एक, तार छेडल्यासारखे उलगडत जायचे. ‘एकही सूर बदलणार नाही’ म्हटलेल्या रचनेतले सगळ्यात प्रसिद्ध सूर हे बदललेले सूर आहेत.

मग रुबिनस्टाइनने काय वेगळं केलं? बोटांच्या अडचणींबद्दल त्याचं सगळंच चुकलं होतं असं नाही. पियानोच्या भागात सुधारणेला जागा होती हे पुढे दिसलंच. पण चायकोव्स्कीने विचारलं होतं, हे हाताला कसं पडतं? उत्तर मिळालं, तुझी लायकी काय! डॅनरॉयटरने रचना आधी बोटांत बसवली आणि मग जागा दाखवल्या.

१८७८ च्या मार्चमध्ये चायकोव्स्की स्वित्झर्लंडमध्ये, क्लारां गावात होता. लग्न काही आठवड्यांतच मोडलं होतं आणि तो रशियाबाहेर राहून सावरत होता. तिथे त्याचा जुना विद्यार्थी, २२ वर्षांचा व्हायोलिनवादक योसिफ कोटेक आला. चायकोव्स्कीने व्हायोलिनचा कन्सर्टो लिहायला घेतला. या वेळी त्याने रचना हातावेगळी होईपर्यंत वाट पाहिली नाही. पानं तयार व्हायची तशी कोटेक वाजवून पाहायचा. मधला संथ भाग वाजवून झाल्यावर भाऊ मोदेस्त, कोटेक आणि स्वतः चायकोव्स्की, तिघांनाही तो पटेना. चायकोव्स्कीने एका दिवसात नवा भाग लिहिला. जुना फेकला नाही. तो व्हायोलिन आणि पियानोची वेगळी रचना म्हणून छापला. महिन्याच्या आत सगळा कन्सर्टो पूर्ण झाला.

गंमत म्हणजे त्याच वर्षी उन्हाळ्यात, ऑस्ट्रियातल्या पोर्टशाख या तळ्याकाठच्या गावात, योहान्नेस ब्राम्सही व्हायोलिनचा कन्सर्टो लिहीत होता. ब्राम्स पियानोवाला. ऑगस्टमध्ये त्याने व्हायोलिनचा भाग मित्राला, थोर व्हायोलिनवादक योसेफ योआखिमला पाठवला. मागणी अगदी नेमकी होती : अवघड, अडनिडं किंवा अशक्य वाटेल तिथे खूण कर. योआखिमने कळवलं, की बरंचसं वाजवण्यासारखं आहे. पण तापलेल्या सभागृहात ते आरामात वाजेल का, हे वाजवून पाहिल्याशिवाय सांगणार नाही.

या दोघांना तशी सवय होती. १८५६ पासून ते एकमेकांना स्वररचनेचे धडे सोडवून पाठवत आणि तपासत. वेळेत पाठवलं नाही तर दंड, आणि दंडाच्या पैशांतून पुस्तकं! ब्राम्सने योआखिमचं सगळं ऐकलं नाही. पण चार भागांचा बेत तीनवर आला, मधला भाग नव्याने लिहिला गेला, आणि १ जानेवारी १८७९ ला लाइपझिगमध्ये योआखिमने कन्सर्टो वाजवला, संचालन ब्राम्सचं. त्यानंतरही छापायला जाईपर्यंत दुरुस्त्या चालू होत्या.

विचारण्याची रीत सुधारली म्हणून पुढचं सगळं सुरळीत होतं, असंही नाही. चायकोव्स्कीने व्हायोलिनचा कन्सर्टो आधी ज्याला अर्पण केला होता त्या लिओपोल्ड आउअरने वाजवायला नकार दिला. खुद्द कोटेकनेही नंतर माघार घेतली. पहिला प्रयोग व्हायला १८८१ उजाडलं. पण तोवर रचना पूर्ण झालेली होती, आणि नकार पचवायला पूर्ण झालेली रचना बरी पडते.

फेब्रुवारीत मी ती फाइल पुन्हा उघडली. सरांचं तालाचं म्हणणं खरं होतं. दोन मिनिटं दहा सेकंदांना तबला अर्धी मात्रा उशिरा येतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजून नाही, आणि ते मलाच शोधावं लागेल. मग व्हायोलिन वाजवणाऱ्या मैत्रिणीला व्हायोलिनचा भाग लिहून पाठवला. ‘कसं वाटतंय’ विचारलं नाही. ‘वाजवून बघ, अडेल तिथे सांग’ एवढंच लिहिलं. तिने वाजवून रेकॉर्डिंग पाठवलं. दोन जागी ती अडखळली आहे.

त्या दोन जागा मी काल बदलल्या. शेवट अजून जमलेला नाही. तो जमायच्या आधीच सरांना पुन्हा पाठवणार आहे, या वेळी प्रश्न नीट लिहून.