हाडात रुतलेली काटकसर

दातांच्या इम्प्लांटचा, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवायच्या स्क्रूचा, खर्च ऐकला की दोष टायटॅनियमला दिला जातो. तो त्याचा नाही. एका इम्प्लांटमध्ये हा धातू ग्रॅमभरही नसतो, आणि त्याचं खनिज, इल्मेनाइट, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतसुद्धा आहे. पैसे कशाचे पडतात ते इम्प्लांटच्या कुळकथेत दिसतं. गंमत अशी की ही कथा सुरू होते ती काटकसरीपासूनच. १९५२ च्या सुमारास स्वीडनमधल्या लुंडला संशोधक पेर-इंगवार ब्रोनमार्क सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची बारीक नळकांडी बसवून मज्जेतला रक्तप्रवाह सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. नळकांडी महागडी, म्हणून प्रयोग संपल्यावर काढून पुन्हा वापरायची होती. ती निघेनात. हाड धातूला घट्ट बिलगलं होतं.

दाताच्या जागी काहीतरी रोवण्याची हौस जुनीच. होंडुरासमध्ये सापडलेल्या प्राचीन जबड्यात शिंपल्याचे तुकडे बसवलेले आहेत. १९३० च्या दशकात कोबाल्ट-क्रोमच्या मिश्रधातूचे स्क्रूही वापरून झाले. पण परक्या वस्तूभोवती शरीर बऱ्याचदा मऊ तंतूंचं वेष्टण विणतं आणि दात हलू लागतो. टायटॅनियमला मात्र हाडच बिलगत होतं. ब्रोनमार्क यांनी धातूइतकीच भर घातली ती शिस्तीची. भोक पाडताना हाड तापू द्यायचं नाही, मग हिरडी शिवून काही महिने स्क्रूवर भार येऊ द्यायचा नाही. १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला बसवलेले स्क्रू चाळीस वर्षांहून अधिक टिकले. तरीही दंतवैद्यकाने हे सारं मनापासून मानलं ते १९८२ च्या टोरोंटो परिषदेनंतर. म्हणजे आपण पैसे मोजतो ते या सावधपणाचे, आणि स्वस्ताई शोधताना कात्री नेमकी तिथे लागता कामा नये.

यावर कुणी म्हणेल, स्क्रू तो स्क्रू, मग नावाजलेल्या कंपनीलाच जादा पैसे का? आक्षेप अर्धा खरा आहे; नावाचेही पैसे लागतातच. पण स्क्रू आणि वरचा दात यांचा सांधा प्रत्येक कंपनीचा निराळा असतो, आणि पंधरा वर्षांनी त्यातला सुटा भाग मिळेल का, हा प्रश्न छापील किमतीत दिसत नाही. दुसरा आक्षेप ब्रिजचा: शेजारच्या दातांवर टेकवलेला तो दात स्वस्त पडणार नाही का? शेजारच्या दातांवर आधीच कॅप असतील तर ब्रिज शहाणपणाचा. ते धडधाकट असतील तर एका दातासाठी दोन घासावे लागतात, म्हणून तो वाटतो तितका स्वस्त नाही.

खरी बचत स्क्रूंच्या संख्येत आहे. खालचे सगळे दात गेलेल्यांची कवळी सारखी निसटते, कारण तिला वरच्यासारखा टाळूचा आधार नसतो आणि जीभ तिला उचलते. २००२ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी अशांसाठी दोन इम्प्लांटवर अडकणारी कवळी हा पहिला पर्याय मानावा असं सुचवलं. ती रात्री काढून धुता येते. अडकवणीतल्या नायलॉनच्या किंवा रबरी चकत्या तेवढ्या झिजल्या की बदलाव्या लागतात.