आजीबाईंशी वाद

चर्च सांगेल तोच बायबलचा अर्थ आणि त्यात चूक असूच शकत नाही, असं मानणाऱ्याशी वाद घालणं अवघडच. त्यातून तुम्ही विधवा, परदेशात, पदरी लहान मुलगी, आणि राहताय त्यांच्याच आधारावर! पंडिता रमाबाईंची इंग्लंडमध्ये नेमकी हीच गत होती.

२९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनना रमाबाई पत्रांत चक्क 'आजीबाई' म्हणत. पण १८८५ मध्ये पत्रापत्री तापली. देव एक, मग हे त्रैक्य कशाला? येशूचा जन्म कुमारीच्या पोटी झाला, हे मानलंच पाहिजे का? (हा दुसरा प्रश्न जास्त नाजूक, बरं का. ती गोष्ट चर्चने मागाहून जोडलेली नाही, थेट शुभवर्तमानात आहे.) ख्रिस्ताला मी मानते, पण सदसद्विवेकबुद्धी पाद्र्यांच्या हवाली करणार नाही, असा त्यांचा एकूण सूर. गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं आहेत, यावरूनसुद्धा वाद झाला. त्यांना तिथे संस्कृत हवं होतं. आजीबाईंना हा सगळा गर्व वाटला. मला विचाराल तर त्या फक्त शास्त्र्याच्या घरात वाढल्या होत्या. तिथे ग्रंथाशी वाद घालतच ग्रंथ शिकतात.

पुढे रमाबाईंची श्रद्धा पक्की झाली, पण दुसऱ्याच्या अर्थावर विसंबणं नाहीच. केडगावला त्यांनी हिब्रू आणि ग्रीक अभ्यासून आख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, पुस्तक १९२४ ला निघालं.