देव, देवता आणि परमेश्वर : सदाशिव पेठेच्या निमित्ताने एक विचार

पुण्याच्या सदाशिव पेठेतून पायी फिरणाऱ्याला थोड्याच अंतरात उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर, भिकारदास मारुती आणि चिमण्या गणपती अशी नावे भेटतात. पानिपतावर धारातीर्थी पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव धारण करणाऱ्या या पेठेने आपल्या देवांनाही घरच्या माणसांसारखी टोपणनावे दिली आहेत. देवळाच्या स्थापनेच्या वेळी रक्तपात झाला म्हणून मुरलीधर 'खुन्या' झाला, असे सांगितले जाते. याच पेठेत 1906 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र साहित्य परिषदेची आणि 1910 साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाची वास्तू आहे. म्हणजे ज्या देवांपुढे घंटा वाजते, त्यांच्याविषयीचे ग्रंथ आणि हस्तलिखिते चार पावलांवर जतन केली जातात.

अशा परिसरात राहणाऱ्या, शिकणाऱ्या वा नोकरी करणाऱ्या कॅथलिक भाविकाला एक प्रश्न कधी ना कधी विचारला जातो : "तुमचा देव आणि आमचा देव एकच का?" 'हो' म्हणावे तर आपली श्रद्धा पातळ केल्यासारखे वाटते. 'नाही' म्हणावे तर शेजाऱ्याचे मन दुखावते. या प्रश्नाला घाईने उत्तर देण्यापूर्वी शब्दांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, असे आम्हांस वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

शब्दांचे मूळ

'देव' हा शब्द 'दिव्' म्हणजे प्रकाशणे या धातूपासून आला आहे. लॅटिन भाषेतील 'देउस' हा त्याचाच भाऊबंद. ग्रीक 'थेऑस' मात्र उच्चाराने जवळचा वाटला तरी त्याचे मूळ निराळे आहे. प्राचीन इराणच्या अवेस्ता भाषेत याच कुळातील 'दएव' हा शब्द दुष्ट शक्तींना लावला गेला. एकाच मुळापासून निघालेला शब्द एका देशात पूज्य ठरला आणि दुसऱ्या देशात त्याज्य! 'ईश्वर' हा शब्द 'ईश्' म्हणजे सत्ता चालवणे यावरून आला आहे. जो सर्व ईश्वरांहून श्रेष्ठ, तो परमेश्वर.

पवित्र शास्त्राच्या मूळ हिब्रू भाषेतही असाच पेच आहे. तेथील 'एलोहिम' हा शब्द रूपाने अनेकवचनी आहे. पण इस्राएलच्या एकमेव देवासाठी येतो तेव्हा त्याचे क्रियापद बहुधा एकवचनी असते. इस्राएलला प्रकट झालेले देवाचे खास नाव चार अक्षरांचे असून आदरापोटी ते उच्चारले जात नसे. मराठी प्रॉटेस्टंट भाषांतराने 'एलोहिम'साठी 'देव' आणि त्या चार अक्षरांसाठी 'परमेश्वर' अशी योजना केली. व्हॅटिकनच्या उपासनाविषयक विभागाने 2008 साली, हे नाव मूळ रूपात उपासनेत उच्चारू नये, त्याऐवजी 'प्रभू' या अर्थाचा शब्द वापरावा, अशी सूचना दिली.

तत्त्वज्ञानातील ईश्वर

हिंदू परंपरा म्हणजे केवळ अनेक देवांची पूजा, ही समजूत अपुरी आहे. न्यायदर्शनातील उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमाञ्जली'त ईश्वराचे अस्तित्व तर्काने सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. घट पाहून कुंभाराचे अनुमान करावे तसे जगावरून कर्त्याचे अनुमान, ही त्यातील एक दिशा. तेराव्या शतकात संत थॉमस अॅक्वायनस यांनी मांडलेल्या पाच मार्गांची येथे सहज आठवण होते. याउलट अभिजात सांख्यदर्शन ईश्वरावाचून जगाची उपपत्ती मांडते, तर वेदांना प्रमाण मानणारी पूर्वमीमांसा जगाचा निर्माता मानत नाही. शंकराचार्यांच्या अद्वैतात निर्गुण ब्रह्म हेच अंतिम सत्य आहे. मध्वाचार्यांच्या द्वैतात जीव आणि ईश्वर सदैव वेगळे आहेत.

आपल्या विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र महाराष्ट्रातलेच आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी प्रवर्तित केलेल्या महानुभाव पंथाने जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न व नित्य मानले. देवता अनेक आहेत, त्या मर्यादित फळ देऊ शकतात, परंतु मोक्ष केवळ परमेश्वर देतो, ही त्या पंथाची शिकवण. देव आणि देवता यांतील सीमारेषा इतक्या स्पष्टपणे मराठीत सातशे वर्षांपूर्वी आखली गेली होती, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न नव्याने उभा राहिला. 1867 साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने मूर्तिपूजेविना एकेश्वराची उपासना स्वीकारली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर हे तिचे पुरस्कर्ते. त्याच पुण्यात गोपाळ गणेश आगरकरांनी बुद्धीला न पटणाऱ्या श्रद्धेस रोखठोक नकार दिला. पुढे डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या 1984 सालच्या ग्रंथात, पंढरीच्या विठ्ठलाच्या ठायी गवळी-धनगरांचे लोकदैवत आणि वैष्णव भक्ती कशी एकरूप झाली, याचा मागोवा घेतला.

ख्रिस्ती मराठीने निवडलेला शब्द

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघी धर्मगुरू 1579 साली गोव्यास आले. 1616 साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे अकरा हजार ओव्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'त त्यांनी देवासाठी 'परमेश्वर' आणि स्वर्गासाठी 'वैकुंठ' हे शब्द निःसंकोच वापरले. हे धाडस लहान नव्हते. 1549 साली जपानला पोहोचलेल्या संत फ्रान्सिस झेवियर यांनी प्रथम 'दाइनिची' हा बौद्ध शब्द घेतला. पण त्याचा अर्थ भलताच आहे हे कळल्यावर तो टाकून 'देउस' हाच शब्द ठेवला. चीनमध्ये हा वाद शतकभर चालला. अखेर 1715 साली पोप अकरावे क्लेमेंट यांनी 'स्वर्गाचा स्वामी' या अर्थाचा 'तियेनचू' शब्द ग्राह्य धरून इतर शब्द वर्ज्य केले. माल्टा बेटावरील कॅथलिक मात्र आजही देवाला 'अल्ला' म्हणतात. शब्द उसना असला म्हणून श्रद्धा उसनी ठरत नाही.

मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी 1917 साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारला, तेव्हा त्यांनीही मराठी संतांच्याच भाषेत ख्रिस्ताचा शोध घेतला. फादर गाय देलरी यांचा विठोबाच्या उपासनेवरील इंग्रजी ग्रंथ 1960 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. सदाशिव पेठेशेजारच्या शनिवार पेठेत 'स्नेहसदन' चालवणारे फादर मॅथ्यू लेडर्ले यांनी आधुनिक महाराष्ट्रातील तत्त्वविचारावर 1976 साली ग्रंथ लिहिला. 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना मिळाले, ते याच दीर्घ परंपरेतून.

मग उत्तर काय द्यावे?

28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करत नाही, आणि तरीही ख्रिस्ताची घोषणा करणे सोडत नाही, असा त्याचा आशय आहे. यातून आम्हांस तीन गोष्टी दिसतात.

पहिली, साम्य मान्य करावे. सर्वांचा निर्माता एकच आहे असे आपण मानतो. मग शेजारी अंतःकरणापासून हाक मारतो ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, असे म्हणण्याचा अधिकार आपणास नाही.

दुसरी, भेद लपवू नये. पवित्र त्रैक्य म्हणजे त्रिमूर्ती नव्हे. ते तीन देव नसून एकच देव आहे. देहधारणही वारंवार होणारा अवतार नव्हे. ते इतिहासात एकदाच घडले, आणि त्या देहाने क्रूस सोसला. हे सौम्यपणे सांगणे म्हणजे शेजाऱ्याचा अपमान नव्हे.

तिसरी गोष्ट आपल्याच घराची आहे. 787 सालच्या दुसऱ्या नायसिया परिषदेने प्रतिमांना दिला जाणारा आदर आणि केवळ देवाला द्यावयाची आराधना यांत भेद केला. पण नवस फेडण्यासाठी तीर्थक्षेत्री धावणारे आपण, हरवलेल्या वस्तूसाठी एक संत आणि परीक्षेसाठी दुसरा अशी वाटणी करताना तो भेद पाळतो का? शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यातील मूर्ती मोजण्यापूर्वी आपल्या घरच्या वेदीपुढे क्षणभर थांबून हा प्रश्न स्वतःस विचारावा.

त्यानंतर सदाशिव पेठेतील तो मित्र पुन्हा विचारील, तेव्हा 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर न थांबता त्याला घरी चहाला बोलवावे. ज्या शब्दाने तो आपल्या देवाला हाक मारतो, त्याच शब्दाने आपण 'परमेश्वरा' म्हणतो. संभाषणाला तेवढा आरंभ पुरेसा आहे.