पाटी

समोर येईल ते एखादं अक्षर न वाचता नुसतं बघून दाखवा. औषधाच्या बाटलीवरचं, दुकानाच्या फलकावरचं, कुठलंही चालेल. जमत नाही ना? नजर पडते न पडते तोच अर्थ हजर होतो. कौलांवरून ओघळणारं पाणी जसं दिसतं तशा नुसत्या रेषा दिसाव्यात, हे सुख आपल्या हातून कायमचं गेलं. ते पुन्हा हवं असेल तर पन्नास वर्षं मागं जावं लागेल. चला. बालपण माझं आहे, आजच्यापुरतं तुम्हांला उसनं देते.

जून १९७४. सातारा जिल्ह्यातलं, पसरणी घाटाच्या पायथ्याचं गाव. खाली वाई, वर पाचगणी, मधून डांबरी रस्ता. इथं तुम्हांला 'तुम्ही' म्हणणारं कुणी नाही. इथं तू 'तू' आहेस. सहा वर्षांची. दोन वेण्या वर बांधलेल्या, डोक्यावर पोत्याची खोळ, खांद्यावर जुन्या चादरीची शिवलेली पिशवी. चालताना पिशवीतली दगडी पाटी पायावर आपटते आहे. हा ठणका ओळखीचा वाटतो का? तो वर्षभर राहणार आहे.

कौलं गळतात म्हणून पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, कोरड्या भिंतीला धरून बसली आहेत. पाटी मांडीवर घे. तिचा गारवा परकरातून आत येतो. लाकडी चौकटीच्या एका कोपऱ्यात चीर आहे. पाटी दादाची होती तेव्हाची ती. पेन्सिलीचं टोक जिभेला लाव. मातकट, जरा गोडसर. खाऊ नको म्हणून सगळे सांगतात आणि सगळी पोरं खातात. पुसायला डबीत ओला स्पंज आहे. ज्याच्याकडे तो नाही तो थुंकी लावतो आणि धपाटा खातो, कारण पाटी म्हणजे सरस्वती. दसऱ्याला हिच्यावरच एक-एक-एक असे एकाचे आकडे जोडून सरस्वती काढायची आहे आणि तिला झेंडूची फुलं वाहायची आहेत. तोवर अक्षरं येतील, असं आई म्हणते.

घरच्या अंकलिपीत अ पहिला. गुरुजींच्या फळ्यावर मात्र ग, म, भ, न. तुला अक्षरं अजून माणसांसारखी दिसतात. भ म्हणजे डोक्यावरची रेघ तुटलेला म. घ आणि ध तर सख्खे भाऊ; एकाचं छप्पर पूर्ण, दुसऱ्याचं अर्धं वाऱ्यानं उडालेलं. सबंध श्रावण तू 'घर'ला 'धर' म्हणतेस.

गुरुजी शेजारी येऊन बसतात. त्यांच्या धोतराला पावसाचा आणि तपकिरीचा वास आहे.

"हे काय?"

"घ."

"आणि हे?"

"र."

"आता जोडून म्हण."

तू म्हणतेस ते 'घरा'सारखं काहीतरी होतं. घ पूर्ण, र पूर्ण, दोन्ही आपापल्या अ-सकट. मागून दुसरीतली मुलं हसतात. गुरुजी हसत नाहीत. "पुन्हा म्हण," म्हणतात. पुन्हा तेच होतं. असे किती दिवस जातात कोण जाणे. मग एका दुपारी, बाहेर उघडीप पडलेली असताना, शेवटचा अ तुझ्या घशातच राहतो आणि तोंडातून बाहेर पडतं, घर. चुलीजवळ मांजर निजलेलं, दाराशी शेळी बांधलेलं, तुझं घर. ते पाटीवर आलं आहे. तू पाटीकडे बघतेस, गुरुजींकडे बघतेस, पुन्हा पाटीकडे.

इथं थोडं थांबू या, मला घाई नाही. तो अ गिळायचा असतो हे तुला कुणी शिकवलेलं नाही. फळ्यावर लिहिलेलं नाही, पुस्तकातही नाही. मराठीत तो अ लिहिण्यात असतो आणि बोलण्यात नसतो. प्रत्येक मूल हे आपलं आपण शोधून काढतं आणि शोधल्याचं विसरूनही जातं. च आणि ज यांचं तर त्याहून अवघड. 'चार' आणि 'चारा' या दोन शब्दांतला च एकच, पण तोंडात तो दोन ठिकाणांहून येतो. 'जग' लिहिलं तर ते दुनियेचं जग की जगण्याचं जग, हे अक्षर सांगत नाही. आधी अर्थ लागतो, मग उच्चार. म्हणजे शब्द वाचण्याआधीच तो थोडासा कळलेला असावा लागतो. सहा वर्षांची पोर हे रोज करते. तिला वाचता येत नाही म्हणून जे चिडतात त्यांनी हे एकदा स्वतःला समजावून सांगावं, असं मला मनापासून वाटतं.

तुझ्या हातातलं पुस्तक बालभारती. ते काढणारं पुण्याचं पाठ्यपुस्तक मंडळ १९६७च्या जानेवारीत सुरू झालं, म्हणजे तुझ्याहून जेमतेम वर्षानं मोठं. सुरुवातीच्या पानांवर काना, मात्रा, वेलांटी काहीच नाही. ही पानं तू दिवाळीआधीच पाठ केली आहेस, डोळे मिटूनही म्हणतेस, आणि आईला वाटतं पोर वाचायला लागली.

खरं वाचन तू शिकतेस ते फाट्यावर.

रस्त्याच्या कडेला वडाचा पार आहे, तिथं एसटी थांबते. लाल गाडी घाट उतरून येते आणि तिच्या कपाळावर पाटी असते. हीही पाटीच. पहिल्यांदा तुला हे कळतं तेव्हा केवढं आश्चर्य वाटतं, की गाडीलासुद्धा पाटी असते आणि तिच्यावरही कुणीतरी लिहिलेलं असतं. पहिली लागते 'वाई'. दोनच अक्षरं आणि शेवटी भला मोठा ई. मग 'सातारा'. तीन अक्षरं, तीन काने, ओळीनं उभे केलेले. 'पुणे' उकार आणि मात्रा शिकवतो. 'पाचगणी'त दुसरी वेलांटी मिळते. 'महाबळेश्वर' सबंध थंडीभर अडून राहतं, त्या श्व-पाशी तुझी गाडी घाटात बंद पडावी तशी पडते. ते सुटल्यावर 'स्वारगेट'ला दोन दिवसही लागत नाहीत, कारण व-ला चिकटलेलं अर्धं अक्षर ओळखीचं झालेलं असतं. अक्षरं बरोबर वाचली तर गाडी खरोखर तिथं जाते. पुस्तकातल्या कुठल्याच शब्दानं तुला असा दाखला दिलेला नाही.

आणि पारावर एक म्हातारी असते. तिची लेक साताऱ्याला दिली आहे. डोक्यावर वेताची पाटी, तिच्यात घेवडा, पावट्याच्या शेंगा, कधी मूठभर हरभरा. आयुष्यात तिच्या हाती एवढी एकच पाटी आली. घाटातून खाली येणाऱ्या गाड्या वाईपर्यंत सारख्याच, पुढं मात्र एक सुरूरवरून पुण्याकडे वळते आणि एक साताऱ्याला जाते. चुकीच्या गाडीत बसलं तर वाईला उतरून पुन्हा पाटी चढवा, पुन्हा ताटकळा. मानेवर ओझं, तिला वर बघताही येत नाही.

"कुठली गं गाडी, बाय?"

"सा... ता... रा. आज्जे, सातारची हाय!"

ती चढते. कंडक्टर घंटी मारतो. तुझ्या ओंजळीत शेंगा असतात. वाचनाची तुझी ही पहिली कमाई.

त्या वर्षात तू सापडेल ते वाचतेस, मोठ्यानं. वाण्याच्या पुडीचा कागद शेंगदाणे संपवून उलगडायचा, फाटलेली बातमी वाचायची, पुढचं काय झालं ते आपल्या मनानं जोडायचं. पिठाच्या गिरणीवरची सूचना, काडेपेटी, देवळातल्या घंटेवर कोरलेली देणगीदारांची नावं. दादा कानांवर हात ठेवतो.

बापू तुला वाईच्या बाजाराला नेतात तेव्हा वाटेत एक इमारत दाखवतात. इथं मोठी माणसं बसून जगातल्या सगळ्या गोष्टी अक्षरांच्या क्रमानं लिहितात, म्हणतात. तुला ते अंकलिपीसारखं वाटतं, आणि फार चुकीचं वाटत नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचं काम तिथं चालू आहे. १९७६ साली पहिला खंड बाहेर येईल, 'अंक' ते 'आतुरचिकित्सा'. तुझी अंकलिपी आणि तर्कतीर्थांचा विश्वकोश, दोन्हींची सुरुवात त्या एका शब्दापाशी. हे मला फार वर्षांनी कळलं. त्या दिवशी बापूंच्या बोटाला धरून तू फक्त दारावरची पाटी वाचलीस, अडखळत.

दुसरी भराभर संपते. तिसरीत तुला कळतं की शाळेत पत्र्याची एक पेटी आहे आणि तिच्यात गोष्टींची पुस्तकं आहेत. पेटीला कुलूप आहे. मुलं पुस्तकं फाडतात, मग हिशेब कुणी द्यायचा, म्हणून ती उघडत नाहीत. ते कुलूप मी अजून विसरलेले नाही. फाटलेलं पुस्तक निदान वाचलेलं तरी असतं. एका पावसाळ्यात पेटीच्या तळाशी पाणी शिरतं, पुस्तकं उन्हात वाळत घालावी लागतात, आणि ती राखायला तुला बसवतात. संध्याकाळपर्यंत तू 'किशोर'चे चार अंक संपवतेस. चार महिन्यांचे, एका उन्हात. बालभारती काढणाऱ्या मंडळानंच १९७१च्या नोव्हेंबरात हे मासिक सुरू केलं, पण त्यात खाली प्रश्न नाहीत, गाळलेल्या जागा नाहीत, शब्दार्थ नाहीत. पुस्तक असंही असतं!

मग मामा वाईहून 'चांदोबा' आणतात. मोठ्ठा आकार, पानोपानी चित्रं, आणि खांद्यावर प्रेत घेऊन तलवार उपसून निघालेला विक्रम. शंकर यांनी काढलेलं ते चित्र एकदा बघितलं की रात्री परसात जायला सोबत लागते. चित्रांतली देवळं आपल्याकडच्यासारखी नाहीत, बायकांची लुगडी वेगळी. चांदोबा मद्रासला तयार होतो हे तुला ठाऊक नाही. तू समजतेस, गोष्टीतली माणसं अशीच राहत असणार.

आणि रात्री जेवणं झाल्यावर 'श्यामची आई'. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३मध्ये साने गुरुजींनी अवघ्या पाच दिवसांत लिहून काढलेलं. त्यात धडे नाहीत, रात्री आहेत, बेचाळीस. रोज रात्री श्याम मित्रांना सांगतो, म्हणून रोज रात्री एकच वाचायची, असा आईचा नियम. कंदिलाच्या उजेडात वाचतेस तू, ऐकतात सगळे. शेजारच्या काकू वाती वळत बसतात. तुझा आवाज जिथं घोगरा होतो तिथं आईच्या हातातलं सूप थांबतं. या घरात वाचणं म्हणजे अजून आवाज आहे, आणि तो सगळ्यांचा आहे.

तो कधी थांबतो, ते आता बघ.

चौथी. पुण्याच्या आत्यानं पाठवलेलं भा. रा. भागवतांचं फास्टर फेणेचं पुस्तक. तू पहिलं पान नेहमीसारखं मोठ्यानं सुरू करतेस. पण हा बनेश फेणे सायकलवर आहे आणि तुझा आवाज त्याच्या मागं पडतो. दुसऱ्या पानावर तू कुजबुजतेस. मग नुसते ओठ हलतात. मग बंद तोंडात जीभ हलते. मग तीही थांबते. तुला काही कळलेलं नाही. बन्या फुरसुंगीचा, पुण्यात विद्याभवनात शिकणारा, काटकुळा. तोंडानं टॉक करून तो निघाला की तूही निघतेस. घाटातून रोज खाली जाणारी ती 'स्वारगेट'ची पाटी त्याच्याच गावाला जाते! हे तू कुणालाही सांगत नाहीस. आईनं दोनदा हाक मारली, तू इथं नव्हतीस.

दुसऱ्या दिवशी तू पुस्तक घेऊन पारावर बसली आहेस. ऊन कलतं आहे. गाडी येते, थांबते, धूळ उडते, घंटी वाजते, गाडी जाते. हे सगळं तुझ्या कानावरून गेलं. पान उलटताना तुझी नजर वर होते, तर म्हातारी समोरच उभी. डोक्यावर पाटी तशीच.

"आज्जे, गेली? कुठली होती?"

"इचारलं मी तुला. दोन बारी."

तुझ्या पोटात खड्डा पडतो. पुढची साताऱ्याची गाडी दिवेलागणीला.

"वाचत हुतीस न्हवं?" ती पाटी खाली उतरवते, चुंबळ मांडीखाली घेते आणि पाराला टेकते. "ऱ्हाऊ दे. यील दुसरी."

तू पुस्तक मिटतेस. मिटलेल्या पुस्तकात तुझं बोट तसंच आहे. ती बोटाकडे बघते.

"मोठ्यानं वाच की. मला बी कळू दे, कुठं गेली हुतीस ते."

तू परत पहिल्या पानावर येतेस. सुरुवातीला आवाज फुटत नाही, मग फुटतो. ती शेंगा सोलत ऐकते. मधेच विचारते, सायकल कुणाची, बापाची का? तू सांगतेस. उन्हं वडाच्या वर जातात. घाटाच्या वळणावर गाडीचा आवाज येतो, दोघी माना वर करता. पाटी अजून दिसत नाही.