बांधाच्या पोटात, बांधाच्या माथ्यावर

१९६९ चा कार्तिक. पनवेलजवळ गाढी नदीच्या काठी, कापणी झालेल्या भातखाचरात तुम्ही उभे आहात. पायांना धसकटं टोचतात. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना व्हायला अजून काही महिने आहेत आणि हवेत पेंढ्याचा वास आहे.

कातकरी म्हातारा बांधावर वाकतो. भुसभुशीत ताज्या मातीचा ढीग आणि बुजवलेलं तोंड, म्हणजे उंदीर आतच. पोरं दुसरी वाट दगडानं बंद करतात. म्हातारा खणत जातो आणि खाली कोठी उघडते: भाताच्या लोंब्या, कुरतडून आणून रचलेल्या. म्हातारी त्या सुपात भरते. आज तिच्या घरी भातही आहे आणि उंदीरही.

उंदीर बाहेर येतो केस फुलवून, गुरगुरत. घुशीचाच जातभाई. दात जन्मभर वाढतात, म्हणून जन्मभर कुरतडणं. खारबांधाला त्यानं भोक पाडलं की भरतीचं पाणी शेतात शिरतं. आगरी शेतकऱ्याचा त्याच्यावरचा राग अगदी रास्त आहे.

अंधार पडला. डोक्यावरून काहीतरी पांढरं गेलं, पण तुम्हाला पंखांचा आवाज आला नाही. गव्हाणी घुबड. त्याच्या पिसांची कड झालरीसारखी मऊ असते, दोन्ही कान एका उंचीवर नसतात. पेंढ्यातली खसफस नेमकी कुठली, हे त्याला न बघताही कळतं. उंदीर खणतो, साठवतो, त्याची मादी तीन-साडेतीन आठवड्यांच्या गर्भारपणानंतर पिल्लांचा घोळका जन्माला घालते. घुबडाची मादी महिनाभर अंडी उबवते. संख्येत तिचा निभाव लागत नाही. पण घरट्यात भुकेली पिल्लं असली की घुबडांची जोडी रात्रभर उंदीर वाहते. आणि अशा पाखराला अपशकुनी म्हणून गाव हाकलतं, हे मला सहन होत नाही.

इथून जवळच २०२५ च्या डिसेंबरात नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उडू लागतील. उंदीर गटाराकाठी, गोदामाखाली तग धरेल. घुबडाला मात्र मोकळं रान लागतं, आणि जुना माळा किंवा झाडाची ढोली.

सकाळी एक आगरी पोरगा घुबड बसलेल्या माळ्याकडे दगड उगारतो. तुम्ही त्याचा हात धरता, वाशाखाली पडलेली, घुबडानं ओकलेली केसाळ गोळी त्याच्या तळहातावर ठेवता. तो ती फोडतो. आत उंदराची कवटी, नारिंगी दात.

"आमच्या बांधावरचा?" तो विचारतो, आणि दुसरी गोळी शोधायला वाकतो.