सुतावरून इंजिन

'सुतावरून स्वर्ग गाठणे' असा मराठीत एक वाक्प्रचार आहे. थोडक्या आधारावर मोठे अनुमान काढणाऱ्याची त्यात थट्टा केलेली असते. पण कल्याण, डोंबिवली, मुंब्रा, कळवा, ठाणे या खाडीकाठच्या वर्कशॉपांत 'सूत' हा शब्द थट्टेचा नाही, मापाचा आहे. एका इंचाचे आठ सूत. चार सुताचा बोल्ट म्हणजे अर्ध्या इंचाचा बोल्ट. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली, तरी फिटरच्या तोंडातले सूत गेले नाही. जुन्या नावेच्या पोटातले निनावी इंजिन उघडायचे, त्यातला एखादा बोल्ट बोटांत फिरवायचा आणि हे यंत्र कुठल्या मुलखाचे असेल ते सांगायचे, अशी विद्या असलेले मिस्त्री या काठावर होऊन गेले. थोडे अजून आहेत. या विद्येचा इतिहास आम्हाला इथे मांडायचा आहे. मुसलमानांचा इतिहास म्हटला की आपल्याकडे बादशहा, सुभेदार आणि किल्लेदार पुढे येतात. तेलाने माखलेला हात त्या इतिहासात सहसा दिसत नाही.

सुरुवात खाडीपासूनच केली पाहिजे. कल्याण हे फार जुने बंदर. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशाने इथून तांबे, लाकूड आणि कापड बाहेर जात असल्याची नोंद केली आहे. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि या खाडीत आरमाराची जहाजे बांधायला सुरुवात केली. त्या कामावर रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज जाणकार, त्याचा मुलगा आणि त्यांच्या हाताखालची माणसे होती. १६५९ मध्ये पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना काम सोडायला लावले आणि ती निघून गेली. आरमार मात्र थांबले नाही. इथल्या माणसांनी ते वाढवले. १६७९ साली खांदेरीच्या पाण्यात इंग्रजांशी लढलेल्या त्या आरमाराचे पुढारी मायनाक भंडारी आणि दौलतखान होते. या प्रसंगातून एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जहाज लाकडाचे असले तरी ते बांधण्याची विद्या माणसांत असते. माणूस उठून गेला की विद्याही त्याच्याबरोबर जाते. ती टिकवायची तर शेजारी उभा राहून पाहणारा कुणी तरी लागतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी आगगाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी कल्याणला पोचली. मोठा माल हळूहळू रुळांवर गेला. खाडीत उरले ते पडाव, मचवे आणि होड्या. मीठ, रेती, विटा, कौले आणि मासळी. पण तोवर वाफेचे यंत्र पाण्यावरही आले होते. मुंबईत बांधलेले 'ह्यू लिंडसे' हे वाफेचे जहाज १८३० च्या मार्चमध्ये सुएझकडे निघाले. १८३३ साली अर्देशीर करसेटजी वाडिया या तरुण पारशी कारागिराने माझगावला 'इंडस' नावाच्या लहान जहाजावर इंजिन बसवले. १८४१ मध्ये तो लंडनच्या रॉयल सोसायटीचा पहिला हिंदी सभासद झाला. पुढे मुंबईच्या सरकारी वाफेच्या कारखान्याचा तो मुख्य इंजिनियर होता आणि गोरे कामगारही त्याच्या हाताखाली होते.

अर्देशीरचे नाव इतिहासात राहिले. त्याच काळात जहाजांच्या इंजिनघरात उतरलेल्या हजारो माणसांची फक्त हुद्द्यांची नावे राहिली. आगवाला, तेलवाला, कोयलावाला, पाणीवाला, टिंडाल आणि त्यांच्या वर सारंग. मोठ्या विलायती कंपन्यांच्या जहाजांवर कामाची वाटणी जवळपास ठरून गेली होती. डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान आणि गुजरात किनाऱ्याचे खलाशी, इंजिनघरात पंजाबी आणि पठाण, भंडारखान्यात गोव्याचे ख्रिस्ती. या सगळ्यांना एकमेकांशी बोलायला एक भाषा लागत होती. ती लष्करी बोली. तिच्यात अरबी होती, फारसी होती, पोर्तुगीज होती, आणि हिंदुस्तानी तर पायाभूतच होती. सारंग हा शब्द फारसी 'सरहंग'वरून आला, नाखवा हा 'नाखुदा'वरून, मालमी हा अरबी 'मुअल्लिम'वरून, आणि आपला मिस्त्री पोर्तुगीज 'मेस्त्र'वरून. कॅप्टन टॉमस रोबक याने १८११ साली या बोलीचा कोश छापला. १८८२ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्या मुखपृष्ठावरच या भाषेला बिघडलेली बोली म्हटले होते. ज्या बोलीवर जहाजे चालत होती ती कोशकाराला बिघडलेली वाटली. सरकारला मात्र तिच्याशिवाय चालले नाही. १९१७ च्या अंतर्गत जलवाहतुकीच्या कायद्यात प्रमाणपत्र द्यायच्या हुद्द्यांत 'सारंग' हा शब्द तसाच ठेवावा लागला. २०२१ च्या नव्या कायद्याने तो कायदा रद्द होईपर्यंत शंभरहून अधिक वर्षे तो तिथे होता.

स्वातंत्र्यानंतर डिझेल आले. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळापासून मच्छीमारांना शिडाच्या नावांत इंजिन बसवण्यासाठी कर्ज आणि मदत मिळू लागली. इंजिने नाना देशांची होती. ग्लासगोचे केल्विन, लिंकनचे रस्टन, डर्स्लीचे लिस्टर, जपानचे यानमार. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना झाली आणि देशी यंत्रही मिळू लागले. पुढे अशोक लेलँडची ट्रकची इंजिने नावांत शिरली. ती स्वस्त होती आणि त्यांचे पार्ट गावोगाव मिळत. लेलँडच्या '३७०' आणि '४००' या आकड्यांत इंजिनाची घनइंचातली क्षमता लपलेली आहे, हे ड्रायव्हरला ठाऊक नसे, पण मिस्त्रीला ठाऊक असे.

खरी गुंतागुंत इथून सुरू होते. नाव तीस-चाळीस वर्षे चालते. तेवढ्यात तिचे मालक बदलतात. ब्लॉक एका कंपनीचा, हेड दुसऱ्याचे, गिअरबॉक्स दारूखान्यात मोडलेल्या जहाजातला, पाण्याचा पंप नागदेवी स्ट्रीटवरून आणलेला, कपलिंग वागळे इस्टेटच्या किंवा डोंबिवली एमआयडीसीच्या लेथवर कातलेले. खारी हवा नावाची पाटी केव्हाच खाऊन टाकते. मग एक दिवस काही तरी तुटते आणि तुटलेला तुकडा हातात घेऊन मालक विचारतो, हे काय आहे आणि कुठे मिळेल?

मिस्त्री आधी लिहिलेले वाचतो. पण कुठले लिहिलेले खरे मानायचे, हे त्याला कळते. डिझेलच्या पंपावर सीएव्ही किंवा मायको अशी पाटी दिसली म्हणजे इंजिन त्या कंपनीचे ठरत नाही. ती फक्त पंपाची ओळख. ब्लॉकवर ओतीव अक्षरांत उठलेला आकडा अधिक भरवशाचा, कारण तो धातूबरोबर जन्मलेला असतो. बेअरिंगवरचा आकडा तर सरळ बोलतो. ६२०५ असेल तर शेवटच्या पाचाला पाचाने गुणायचे, आतले भोक पंचवीस मिलिमीटरचे. ६३०८ असेल तर चाळीसचे. असे बेअरिंग जगातल्या कुठल्याही कंपनीचे चालते. त्याच्यासाठी मूळ इंजिनाचे नाव शोधत बसायचे कारण नाही.

जिथे काहीच लिहिलेले नसते तिथे आटे बोलतात. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने १८४१ साली आट्यांचे प्रमाण सुचवले. त्यांचा कोन पंचावन्न अंशांचा. अमेरिकन आणि मेट्रिक आट्यांचा कोन साठ अंशांचा. चार सुताच्या व्हिटवर्थ बोल्टाला इंचात बारा आटे असतात, त्याच मापाच्या जाड अमेरिकन बोल्टाला तेरा. एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन फेरे बिनतक्रार चढतो आणि मग अडतो. अडाणी हात तिथे जोर लावतो, आटे मरतात आणि पुढच्या माणसासाठी ओळखीची खूणही मरते. जाणता हात तिथेच थांबतो. नट कितव्या फेऱ्याला अडला यावरून त्याला यंत्राचा मुलूख कळतो. हे खरोखर सुतावरून इंजिन गाठणे आहे.

रस्त्यावरच्या गाडीत नसलेले आणि नावेतच असणारे काही पार्ट असतात. ट्रकच्या मिस्त्रीला ते कोड्यात टाकतात. नावेच्या इंजिनाला थंड करायला खाडीचे खारे पाणी ओढणारा एक पंप असतो आणि त्यात रबराच्या पाकळ्यांचे चाक असते. ते फाटले की नवे बसवणे सोपे. पण फाटलेल्या पाकळ्या मोजाव्या लागतात. सहापैकी पाचच हाती आल्या तर सहावी पुढे कूलरच्या तोंडात अडकलेली असते. ती काढली नाही तर नवे चाक बसवूनही इंजिन तापतच राहते.

दुसरी वस्तू याहून गमतीची. कूलरला एक लहान बूच असते आणि त्याच्या आत करंगळीएवढी, कुरतडलेली, राखाडी कांडी. पाहणाऱ्याला वाटते, हे काही तरी मोडलेले आहे. तो कांडी फेकतो आणि भोकात लोखंडी बोल्ट ठोकतो. पाणी गळत नाही, म्हणून काम झाले असे समजतो. ती कांडी जस्ताची असते. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की त्यांतला एक झिजतो. कूलरच्या नळ्या झिजू नयेत म्हणून जस्ताने झिजायचे, एवढेच तिचे काम. १८२४ साली हम्फ्री डेव्ही याने ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचे तांब्याचे पत्रे वाचवायला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे लावून पाहिले. तांबे वाचले. पण तांबे विरघळेनासे झाले तसे तळाला शिंपले चिकटू लागले आणि जहाजे मंदावली. पुढे हीच युक्ती पोलादी जहाजांना आणि इंजिनांना कामी आली. ही वस्तू कुरतडलेली दिसते तेव्हा ती नीट काम करत असते, आणि नवीकोरी दिसत राहिली तर काही तरी बिघडलेले असते. हे सांगणारा माणूस नसेल तर वर्षभरात कूलर जातो.

पार्ट ओळखला, पण तो बनवणारी कंपनी बंद झालेली असते. मग तो इथेच करावा लागतो. सुतार लाकडाचा पॅटर्न करतो. तो मूळ वस्तूपेक्षा किंचित मोठा, कारण बिडाचा ओतीव माल निवताना शेकडा एकाच्या आसपास आकसतो. ओतारी तो वाळूच्या साच्यात ओततो आणि टर्नर लेथवर कातून मापाला आणतो. इथे सर्वांत मोठी चूक होते ती हुबेहूब नक्कल करण्याची. हातातला तुकडा वीस वर्षे घासलेला आहे. त्याचे माप जसेच्या तसे उतरवले तर झिजेचीच नक्कल होते. म्हणून मिस्त्री जिथे काही घासत नाही अशी जागा शोधतो, जोडीदार पार्टचे माप घेतो आणि मूळ माप काय असेल ते ठरवतो. इतिहास लिहिणाऱ्यालाही हेच करावे लागते. हाती आलेला कागद झिजलेला असतो. न झिजलेली जागा कुठे आहे ते शोधल्याशिवाय मूळ माप सापडत नाही.

ही विद्या शाळेत शिकवली गेली नाही. बाप, मामू, उस्ताद यांच्या शेजारी उभे राहून पोरे ती शिकली. त्यांत कोकणी मुसलमान होते, उत्तर भारतातून आलेले होते, कोळी आणि आगरीही होते. वर्कशॉपात जातधर्म विचारला जात नसे असे आम्ही म्हणणार नाही. पण बेअरिंग घट्ट बसले की नाही, हे विचारताना तो मधे आणून उपयोग नसे.

गेल्या काही वर्षांत हा काठ बदलला. खाडीतली रेती पूर्वी डुबी मारून, हातपाटीने काढत. पुढे सक्शन पंप आले आणि उपसा इतका वाढला की काठ ढासळले, खारफुटी गेली. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने रेती उपशाला लगाम घातला. नंतर परवान्यांचे नियम बदलत राहिले आणि चोरटा उपसाही चालू राहिला. महसूल खात्याच्या कारवाईत बार्ज आणि पंप गॅसकटरने कापले जातात. खाडी वाचलीच पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. बेकायदा उपशाची बाजूही आम्हाला घ्यायची नाही. पण कापल्या जाणाऱ्या लोखंडात केवळ गुन्ह्याचे साधन नसते, तीन पिढ्यांचे हातकामही असते, आणि ते चालवणारा मजूर बहुधा मालक नसतो. खाडीचे नुकसान सरकारी कागदांत नोंदले जाते. या हातकामाची नोंद कुठेच होत नाही.

२०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा जलमार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरला. उद्या या पाण्यावर नव्या बोटी धावतील. त्यांची इंजिने सीलबंद असतील आणि बिघाड झाला की कंपनीचा माणूस पेटी उघडून पूर्ण भाग बदलेल. ते चांगलेच आहे. पण जुन्या नावा अजून काही काळ चालणार आहेत आणि त्यांवर घरे चालणार आहेत. काही मिस्त्र्यांकडे वह्या असतात. कुणाची उर्दूत, कुणाची मराठीत, कुणाची नुसत्या आकृत्यांची. त्यांत मापे, बेअरिंगचे आकडे आणि कुठल्या इंजिनाला काय चालते याच्या नोंदी असतात. म्हातारा गेला की वही रद्दीत जाते. आमच्या साहित्य संमेलनांत, महाविद्यालयांत भाषेचे आणि इतिहासाचे प्रकल्प होतात. त्यांतल्या एखाद्या विद्यार्थ्याने मुंब्र्याच्या किंवा कल्याणच्या रेतीबंदरावर जाऊन अशी एक वही उतरवून घ्यावी, तिच्यातले शब्द विचारून अर्थांसह लिहावेत. रोबकने कलकत्त्यात हे दोनशे वर्षांपूर्वी केले, ते त्याच्या साहेबांना हुकूम सोडता यावेत म्हणून. आपण ते आपल्या माणसांच्या विद्येसाठी करू शकतो. वही ज्याच्या हातची आहे तो माणूस समोर असेतोवरच हे काम होण्यासारखे आहे.